‘ध्रुवीकरण’ म्हणजे एका दिशेला येणे की दोन टोकांना जाणे?

रात्रपाळी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. निवडणुकीच्या हंगामात ‘मतांचे ध्रुवीकरण’ हा शब्दप्रयोग माझ्या हातून आठवड्यातून चार वेळा तरी छापला जातो, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. माझी मुलगी बारावी विज्ञानाला आहे. तरंग-प्रकाशाचे प्रकरण वाचता वाचता तिने विचारले, ‘बाबा, पोलरायझेशन म्हणजे तुमच्या पेपरातले ध्रुवीकरणच ना?’ मी हो म्हणालो, आणि वर स्पष्टीकरणही दिले, की पृथ्वीला दोन ध्रुव असतात, तशी माणसे दोन टोकांना जाऊन बसली की त्याला ध्रुवीकरण म्हणायचे. त्यावर तिने पुस्तक पुढे केले. ‘यात टोके कुठे आहेत? आधी कंपने सगळ्या दिशांना असतात आणि नंतर एकाच दिशेची उरतात, असे लिहिले आहे. तुमच्या अर्थाच्या हे उलटच झाले.’

मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जुने अंक चाळले, तेव्हा आणखी पंचाईत झाली. बातमीत ‘अमुक समाजाच्या मतांचे ध्रुवीकरण झाल्यामुळे’ उमेदवार निवडून आलेला असतो. म्हणजे तिथे मते एका ठिकाणी गोळा झालेली असतात. त्याच अंकाच्या अग्रलेखात मात्र ‘समाजाचे ध्रुवीकरण’ चिंताजनक ठरलेले असते, आणि तिथे समाज दुभंगलेला असतो. गोळा होणे आणि दुभंगणे या दोन्हींना एकच शब्द आम्ही एकाच दिवशी वापरला होता आणि एकाही वाचकाने पत्र पाठवून हरकत घेतली नव्हती. मुलीच्या म्हणण्यानुसार पुढच्याच प्रकरणात, स्थिर विद्युत शिकवताना, पोलरायझेशन पुन्हा येते आणि तिथे त्याचा अर्थ तिसराच असतो.

तर हा शब्द एक आहे की तीन, प्रकाशाला ध्रुव कुणी आणि का चिकटवले, आणि आमच्यासारख्यांनी तो कुठे वापरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कोणता पक्ष ध्रुवीकरण करतो हा माझा प्रश्न नाही. त्यासाठी इथे पुष्कळ धागे आहेत.

प्रयोगवही

आपल्या मुलीचे बरोबर आहे. प्रकाशाला ध्रुव नसतात. तरीही त्या घटनेला ध्रुवांवरून नाव का पडले, याचे उत्तर एका चुकीच्या कल्पनेत आहे.

१६६९ मध्ये रासमुस बार्थोलिन या डॅनिश अभ्यासकाने आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पारदर्शक स्फटिक छापील कागदावर ठेवला की खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने असे दोन स्फटिक एकामागे एक ठेवून पाहिले, तेव्हा पहिल्यातून आलेला किरण दुसऱ्यात कसा वागतो हे दुसरा स्फटिक कसा फिरवला आहे यावर ठरते, असे त्याच्या लक्षात आले. त्याचे कारण मात्र त्याला सांगता आले नाही. न्यूटनने किरणाला ‘बाजू’ असाव्यात असे सुचवले आणि चुंबकाच्या ध्रुवांचा दाखला दिला. पुढे १८०८ मध्ये एत्येन लुई मालुस हा फ्रेंच अभियंता, जो नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर जाऊन आलेला होता, पॅरिसमधल्या आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेले मावळते ऊन कॅल्साइटमधून पाहत होता. स्फटिक फिरवला तशी दोनपैकी एक प्रतिमा मंदावत गेली. काचेवरून नुसत्या परावर्तनानेही प्रकाशाला ‘बाजू’ येते, हा तो शोध होता. मालुस प्रकाशाला कणांचा प्रवाह मानणारा होता. त्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत आणि ते सारे एका बाजूला तोंड करून उभे राहत असावेत, असे समजून त्याने या घटनेला ‘पोलरायझेशन’ म्हटले. तो १८१२ मध्ये वारला. १८२१ च्या सुमारास फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाश हे अवतरंग आहेत आणि त्यांची कंपने प्रवासाच्या दिशेला आडवी असतात असे मांडले, तेव्हा ध्रुवांची गरज संपली. नाव तेवढे राहून गेले.

आता घरी करून पाहण्यासारखे. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर चढवून साधा कॅल्क्युलेटर समोर धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरवा. एका कोनाला अंकांसकट सगळी पडदी काळी पडते. याहून मौजेचा प्रयोग तीन पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेची कंपने पार होऊ देणाऱ्या, चकत्यांचा आहे. पहिल्या चकतीतून साध्या दिव्याचा निम्मा उजेड पार होतो. दुसरी तिच्याशी काटकोनात धरली की पलीकडे अंधार होतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी चकती पंचेचाळीस अंशांवर सरकवली तर काय व्हावे? अडथळा वाढला म्हणजे अंधार वाढावा, असे मुले दरवर्षी सांगतात. प्रत्यक्षात उजेड येतो, आणि आदर्श चकत्या असतील तर तो मूळ उजेडाच्या एक-अष्टमांश भरतो. कारण चकती म्हणजे नुसती चाळणी नव्हे. जो प्रकाश पार होतो त्याला ती स्वतःची दिशा देऊन पाठवते. आधीच्या दिशेची काहीही खूण त्याच्यावर उरत नाही.

मला स्वतःला मतपत्रिका या चकतीसारखी वाटते. आत जाणाऱ्या माणसाच्या मनात शंभर दिशांची कंपने असतात आणि बाहेर पडते ते एका दिशेचे मत. पलीकडे उभे राहून पाहणाऱ्याला सगळा समाजच त्या दिशेने कंप पावतो आहे असे वाटते, पण त्याला दिसत असतो तो चकतीचा कोन.

स्थिर विद्युतातला अर्थ खरोखर वेगळा आहे. विद्युतरोधक पदार्थ विद्युतक्षेत्रात ठेवला की त्याच्या प्रत्येक रेणूतला धन भार किंचित एका बाजूला आणि ऋण भार किंचित दुसऱ्या बाजूला सरकतो. इथे दोन टोके असतात आणि ती विरुद्धही असतात. आपल्या अग्रलेखाचे ध्रुवीकरण या प्रकरणातले आहे, तर बातमीतले प्रकाशाच्या प्रकरणातले.

कोशकीटक

मराठीने हा घोळ निस्तरण्याची सोय पूर्वीच करून ठेवली होती. आपण ती वापरली नाही. मराठी विश्वकोशात प्रकाशाच्या संदर्भात ‘ध्रुवण’ आणि ‘ध्रुवित प्रकाश’ हे शब्द योजलेले आहेत. समाजासाठी ‘ध्रुवीकरण’ आणि प्रकाशासाठी ‘ध्रुवण’ असा भेद पाळला असता, तर घरातला हा वाद बहुधा उद्भवलाच नसता. मात्र बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकवले जात असल्याने ‘ध्रुवण’ मुलांच्या कानावर पडत नाही, आणि वृत्तपत्रांत तो शब्द येण्याचे कारणच नसते.

‘ध्रुव’ या शब्दाचा मूळ अर्थ टोक असा नाही. ध्रुव म्हणजे स्थिर, न ढळणारे. उत्तानपाद राजाच्या मुलाला मिळाले ते अढळपद, आणि गाण्यात फिरून फिरून जिथे यायचे ते ध्रुवपद. आकाशातला जो तारा जागचा हलत नाही तो ध्रुव ठरला आणि त्यावरून पृथ्वीच्या अक्षाच्या टोकांना ते नाव मिळाले. (तोही पुरता अढळ नाही, खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे आणि सुमारे २६,००० वर्षांच्या फेऱ्यात ध्रुवपदाचा मानकरीच बदलत जातो. लग्नात ध्रुवदर्शन घडवणारे गुरुजी हे सांगत नाहीत, ते योग्यच आहे.) कथेतला ध्रुव एकटाच आहे, ध्रुवांची जोडी ज्योतिषात आणि भूगोलात भेटते.

व्याकरणाने पाहिले तर ‘ध्रुवीकरण’ हा ‘शुद्धीकरण’, ‘एकत्रीकरण’ यांच्या जातीचा शब्द आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, हा त्यातल्या ‘ई’काराचा अर्थ. म्हणजे ध्रुव नव्हते त्याला ध्रुव करणे, डळमळणाऱ्याला अढळ करणे. इंग्रजी शब्दात हा अर्थ नाही. तो आपल्याकडे आल्यावर चिकटला. मला तो फार नेमका वाटतो, कारण ज्याचे मत ध्रुव झाले तो कोणत्या टोकाला आहे यापेक्षा तो तिथून हलेनासा झाला आहे, ही गोष्ट बोलताना आधी जाणवते.

जाता जाता, निवडणुकीतला ‘पोल’ आणि ध्रुवाचा ‘पोल’ यांचा काडीचाही संबंध नाही. पहिल्याचा मूळ अर्थ डोके असा असून त्यातून डोकी मोजणे आले. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, एवढेच.

कुंपणावरचा

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. प्रयोगवही यांची मतपत्रिकेची उपमा मला आवडली, पण ती एका ठिकाणी लंगडी पडते. चकतीतून पार झालेल्या प्रकाशाला आधीची दिशा आठवत नाही, असे त्यांनीच लिहिले आहे. मतदाराला आठवते. नाइलाजाने दिलेले मत तो पाच वर्षे मनात धरून बसतो आणि पुढच्या खेपेला त्याचा हिशेब चुकता करतो.

उपमेचा पहिला भाग मात्र आमच्या शास्त्रातल्या एका मोठ्या वादाशी जुळतो. अमेरिकी समाज दुभंगला आहे असे सर्रास म्हटले जाऊ लागले, तेव्हा मॉरिस फियोरिना या राज्यशास्त्रज्ञाने असे मांडले, की सामान्य नागरिकांची मते फारशी टोकाला गेलेली नसून पक्षांची प्रतवारी झाली आहे. पूर्वी दोन्ही पक्षांत दोन्ही प्रकारची माणसे असत. ती छाटली जाऊन एकेका पक्षात एकाच प्रकारची उरली आणि मतदारापुढे येणारे पर्याय टोकाचे झाले. ॲलन अब्रामोविट्झ यांना हे मान्य नव्हते. राजकारणात रस घेणारे नागरिक खरोखरच दूर सरकले आहेत असे त्यांचे म्हणणे. मजेची गोष्ट अशी, की १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका समितीनेच आपले दोन पक्ष एकमेकांपासून पुरेसे वेगळे नाहीत अशी तक्रार अहवालात नोंदवली होती. त्यांचे मागणे पुरेपूर मान्य झाले म्हणायचे.

मते टोकाला जाणे आणि मने दुरावणे या गोष्टीही निराळ्या आहेत. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुन्या-नव्या पाहण्या शेजारी ठेवल्या. आपल्या मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर चालेल का, या प्रश्नाला १९६० मध्ये दोन्ही पक्षांच्या समर्थकांपैकी जेमतेम पाच टक्के नाराजी दाखवत होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी सुमारे निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी ती दाखवली. मनातले खरे सोयरिकीच्या प्रश्नावर कळते, हे आपल्याकडच्या माणसाला पाहणी न करताही पटेल.

आपल्या बातमीतला, म्हणजे एकाच टोकाचा अर्थही आमच्याकडे आहे. १९६९ मध्ये सर्ज मोस्कोविची आणि मारिसा झावालोनी यांनी फ्रेंच विद्यार्थ्यांना गटागटाने चर्चेला बसवले. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्याबद्दल त्यांचे मत आधीच बरे होते, चर्चेनंतर ते आणखी बरे झाले. अमेरिकनांबद्दल मुळात नाखुशी होती, ती वाढली. याला समूहाचे ध्रुवीकरण म्हणतात. इथे सगळा गट आधी जिकडे झुकला होता तिकडेच आणखी सरकतो, दुसरे टोक लागत नाही.

आणि अर्थशास्त्रातले एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ध्रुवीकरण मोजावे कसे, यावर योआन एस्तेबान आणि देबराज रे यांनी १९९४ मध्ये एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना मी वर्गात अशी सांगतो. गावात दहा शेतकरी आहेत. पहिल्याकडे १ एकर, दुसऱ्याकडे २, असे करत दहाव्याकडे १० एकर. आता पहिल्या पाचांत जमीन सारखी वाटली, तर प्रत्येकाला ३ एकर येते, आणि वरच्या पाचांत वाटली तर प्रत्येकाला ८. एकूण जमीन तेवढीच राहिली आणि विषमता, कोणत्याही रूढ मापाने पाहिली तरी, कमी झाली. पण जिथे दहा पायऱ्या होत्या तिथे आता तीन एकरवाल्यांची आळी आणि आठ एकरवाल्यांची आळी झाली. आधी तीन एकरवाल्याला चार एकरवाला शेजारी होता. आता त्याच्यासारखे आणखी चौघे आहेत आणि समोर दुसरी फळी आहे. विषमता घटून ध्रुवीकरण वाढू शकते, हे पहिल्यांदा ऐकताना विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. मला मात्र या सगळ्या व्याख्यांमध्ये हीच सर्वांत उपयोगी वाटते, कारण हिच्यात गोळा होणे आणि दुभंगणे या दोन्ही गोष्टी लागतात. एकीवर भागत नाही. त्यामुळे आपली बातमी आणि आपला अग्रलेख एकाच घटनेची दोन अर्धी सांगत असतील, असेही म्हणता येईल.

चिपाड

मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काढली. पोलरायझेशन हा शब्द महाराष्ट्रात कुठे रोज, दर पाळीला उच्चारला जात असेल तर तो आमच्याकडे. आम्ही त्याला नुसते ‘पोल’ म्हणतो. ‘मिश्र रसाचा पोल काढला का?’ असे विचारतात.

रसाचा नमुना येतो तो गढूळ, हिरवट-काळा. त्यात शिशाचे क्षार टाकून गाळला की पाण्यासारखा स्वच्छ होतो. तो २०० मिलिमीटर लांबीच्या काचनळीत, बुडबुडा राहू न देता भरायचा आणि नळी पोलरीमीटरमध्ये ठेवायची. एका बाजूने ध्रुवित प्रकाश आत जातो. साखर त्याच्या कंपनांचे प्रतल उजवीकडे वळवते, आणि जितकी साखर जास्त तितके वळण जास्त. मी लागलो तेव्हाच्या यंत्रात डोळा लावून चकतीची दोन अर्धी सारख्याच उजेडाची होईपर्यंत खुंटी फिरवावी लागे. आता आकडा पडद्यावर येतो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे काही, पोल म्हणजे त्यातली साखर, आणि पोलला ब्रिक्सने भागले की शुद्धता मिळते. शेतकऱ्याची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला रास्त दर) उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, जोडलेली असते, अलीकडच्या हंगामांत तिचा पाया १०.२५ टक्के उतारा हा आहे, आणि कारखान्यात साखर कुठे किती गेली याचा सारा ताळेबंद पोलवर चालतो. तेव्हा प्रकाशाचे ध्रुवण हा आमच्याकडे पोटापाण्याचा विषय आहे.

आता वरच्या चर्चेत राहिलेली गोष्ट. प्रयोगवहींची चकती निवडते, कॅल्साइट दुभंगतो; आमचा रस यांपैकी काहीच करत नाही, तो वळवतो. आत एका प्रतलात आलेला प्रकाश बाहेर पडतानाही एकाच प्रतलात असतो, फक्त ते प्रतल फिरलेले असते. ऊस तोडून तीन-चार दिवस फडात पडला तर साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोजचे डावे वळण ग्लुकोजच्या उजव्या वळणाहून जोरदार असल्याने पोल उतरतो, ब्रिक्स मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यातच जिवाणूंनी डेक्स्ट्रान नावाचे चिकट द्रव्य तयार केले असेल तर ते उलट जोरात उजवीकडे वळवते आणि शिळ्या उसाचा पोल आहे त्याहून चांगला दिसतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, नमुन्याचा वास घ्यावा, असे आमचे जुने चीफ केमिस्ट सांगत.

दुसरे म्हणजे कारखान्याची निवडणूक. एरवी आमच्या सभासदांची दहा गोष्टींवर दहा मते असतात. पहिली उचल (उसाच्या पैशांचा पहिला हप्ता) किती असावी, तोडणीचा क्रम, वजनकाटा, कामगारभरती, डिस्टिलरीवरचा खर्च. उचलीवर ज्याच्याशी पटते त्याच्याशी भरतीवर पटत नाही. एकदा का पॅनल पडले आणि कपबशी नि विमान अशी चिन्हे मिळाली, की पंधरा दिवसांत ही दहाच्या दहा मते एका रेषेत येऊन उभी राहतात. कपबशीवाल्याचे वजनकाट्याबद्दल काय म्हणणे आहे हे त्याला न विचारता सांगता येते. चहाच्या दोन टपऱ्याही वाटल्या जातात. एरवी दोन्हीकडे उधारी असलेला माणूस तेवढे दिवस एकीकडे फिरकत नाही. म्हणून मला रात्रपाळी यांच्या मुलीच्या आणि त्यांच्या म्हणण्यात विरोध दिसत नाही. वाद सगळ्या दिशांचे होते ते एका दिशेचे झाले. एका दिशेची रेषा म्हटली की तिला दोन टोके आलीच.

प्रयोगवही

चिपाड यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले. प्रतलध्रुवित प्रकाशाचे विद्युतक्षेत्र एकाच रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत असे हेलकावत असते, तेव्हा एक दिशा आणि दोन टोके हे चित्र त्यातही आहे. बारावीला शिकवताना मी दिशेवर भर देतो आणि टोकांबद्दल बोलत नाही. फरक एवढाच, की प्रकाशाच्या बाबतीत तेच क्षेत्र दर सेकंदाला सुमारे पाचशे-सहाशे लाख कोटी वेळा दोन्ही टोकांना जाऊन येते. कपबशीवाला विमानाकडे एकदाही जात नाही. त्यामुळे कोशकीटक यांचा ‘अढळ’ हा अर्थ माणसांनाच लागू होतो, प्रकाशाला नाही. कुंपणावरचा यांची आठवणीबद्दलची हरकत मान्य.

रात्रपाळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला चिपाड यांचा प्रतिसाद दाखवला. तिने वहीत उभी रेषा काढली, दोन्ही टोकांना बाण काढले आणि ‘मग दोघेही अर्धे बरोबर’ असा निकाल दिला. त्यानंतर तीन चकत्या कुठे मिळतील म्हणून माझ्या मागे लागली आहे. मोडक्या कॅल्क्युलेटरची पडदी सोलून पाहावी असा तिचा बेत आहे, तो चालेल का, हे प्रयोगवही यांनी जमल्यास सांगावे.

आमच्या पानापुरते मी असे ठरवले आहे, की एका समाजाची मते एका उमेदवाराकडे गेली असतील तर ‘मते एकवटली’ असे लिहायचे, आणि जिथे गोळा होणे आणि दुभंगणे दोन्ही घडले असेल तिथेच ‘ध्रुवीकरण’ ठेवायचे. वरिष्ठांना हे सांगितले तेव्हा त्यांनी अर्थाबद्दल काही विचारले नाही. ‘एकवटली’ला जागा कमी लागते, दोन स्तंभांच्या मथळ्यात बसेल, एवढे म्हणून त्यांनी होकार दिला.